संकेतस्थळालाही हवी राखण : घातक सॉफ्टवेअर आणि हॅकिंगपासून बचाव

प्रस्तावना

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. त्या काळी नवे तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याची साधने म्हणजे पीक प्रात्यक्षिके, मेळावे, आकाशवाणी आणि छापील घडीपत्रिका. आज अशा केंद्रांची संख्या सातशेच्या वर गेली आहे आणि या जुन्या साधनांच्या जोडीला संकेतस्थळ आले आहे. हवामानावर आधारित सल्ला, बियाणे व रोपांची उपलब्धता, माती परीक्षणाची नोंदणी, प्रशिक्षणाचे वेळापत्रक अशी माहिती शेतकरी मोबाइलवर पाहतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे महासंघ आणि काही प्रगतशील शेतकरी यांनीही आपापली संकेतस्थळे उभारली आहेत.

अशी अनेक संकेतस्थळे मोठ्या उत्साहाने तयार होतात. पुढे मात्र त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. ज्या प्रकल्पातून निधी मिळाला तो संपतो, ज्या तरुणाने काम केले तो दुसरीकडे नोकरीस लागतो आणि पासवर्ड कोणाकडे आहे हेही कोणास सांगता येत नाही. उभ्या पिकाला राखण नसली की पाखरे आणि रानडुकरे शिरतात; राखण नसलेल्या संकेतस्थळाचीही गत तीच होते. सुरक्षेचा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे हे खरे. परंतु त्याहून अधिक तो जबाबदारी आणि नियमितपणाचा आहे. महागडी साधने न घेताही बहुतांश हल्ले टाळता येतात. त्यासाठी धोका कोठून येतो, तो कसा ओळखावा आणि बाधा झाल्यास प्रथम काय करावे, याची माहिती असणे आवश्यक आहे.

हानी नेमकी कोणती?

संकेतस्थळ हॅक होणे म्हणजे मुखपृष्ठावर एखादे विचित्र चित्र झळकणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात असा उघड हल्ला त्यातल्या त्यात बरा, कारण तो लगेच दिसतो. अधिक घातक हल्ले गुपचूप होतात.

पहिला धोका मजकुरात फेरफार होण्याचा. कीटकनाशकाची मात्रा प्रति लिटर पाण्यात ०.४ मिलिलिटर अशी लिहिलेली असताना त्यातील दशांशचिन्ह नाहीसे झाले, तर ती दहापट होते. तणनाशकाच्या बाबतीत अशी चूक संपूर्ण पीक करपवू शकते आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झालेला सल्ला शेतकरी विश्वासाने पाळतो. म्हणूनच हा धोका सर्वांत गंभीर मानावा.

दुसरा धोका आर्थिक फसवणुकीचा. बियाणे किंवा रोपांच्या आगाऊ नोंदणीसाठी दिलेला बँक खाते क्रमांक अथवा क्यूआर कोड बदलला, की रक्कम परस्पर भलत्याच्या खात्यात जाते. पीएम किसान योजनेच्या नावाने बनावट एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पसरवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार घडले असून अनेक राज्यांच्या पोलिसांनी त्याबाबत इशारे दिले आहेत. अशी फाइल अनोळखी क्रमांकावरून न येता विश्वासार्ह संस्थेच्या संकेतस्थळावरच ठेवली गेली, तर किती शेतकरी ती डाउनलोड करतील, याची कल्पना करता येते.

तिसरा धोका माहितीच्या चोरीचा. नोंदणी अर्जात शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक, काही वेळा आधार व बँक पासबुकाची छायाचित्रेही गोळा केलेली असतात. ही माहिती फसवणूक करणाऱ्यांच्या हाती आयते भांडवल ठरते.

चौथा धोका संकेतस्थळाच्या परस्पर वापराचा. हल्लेखोर संस्थेच्या संकेतस्थळात जुगार, बनावट औषधे किंवा कर्जाच्या जाहिरातींची शेकडो पाने दडवितात. संस्थेच्या नावाला शोधयंत्रात जे वजन असते, त्याचा लाभ त्या पानांना मिळतो. भारतातील शासकीय व शैक्षणिक संस्थांच्या संकेतस्थळांवरही अशी पाने आढळलेली आहेत. हे शोधयंत्राच्या लक्षात आले की, संकेतस्थळ उघडताच लाल रंगाचा धोक्याचा इशारा दिसू लागतो आणि शेतकरी माघारी फिरतो. ऐन पेरणीच्या दिवसांत असे घडल्यास सल्ला वेळेवर पोहोचत नाही.

हंगामाची वेळ आणि हल्ल्याची वेळ यांचा संबंध परदेशात स्पष्टपणे दिसून आला आहे. २०२१ च्या शरद ऋतूतील कापणी हंगामात अमेरिकेतील सहा धान्य सहकारी संस्थांवर खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचे हल्ले झाले. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये तेथील एफबीआय या तपास यंत्रणेने कृषी सहकारी संस्थांना सावध केले. पेरणी आणि कापणीच्या काळात काम थांबविणे परवडत नसल्याने संस्था खंडणी देण्यास लवकर तयार होतील, असा हल्लेखोरांचा हिशेब असू शकतो, असे त्या इशाऱ्याचे सार होते.

लहान संकेतस्थळावर हल्ला कशासाठी?

“आमच्या केंद्राच्या संकेतस्थळात चोरण्यासारखे काय आहे?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यामागे हल्लेखोर एखादी संस्था निवडून तिच्यावर चालून येतो, हा गैरसमज असतो. प्रत्यक्षात स्वयंचलित संगणकीय कार्यक्रम दिवसरात्र इंटरनेटवर फिरत असतात आणि समोर येईल त्या संकेतस्थळाचे दार ढकलून पाहतात. टोळ शेताच्या मालकाचे नाव विचारून उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

संकेतस्थळे तयार करण्यासाठी वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. २००३ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीवर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात. प्रणाली मोफत आहे, मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि संगणकाचे विशेष शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही हाताळता येते. मात्र एकाच वाणाखाली मोठे क्षेत्र आले म्हणजे एकच रोग सर्वत्र पसरू शकतो. त्याचप्रमाणे या प्रणालीत एखादी त्रुटी सापडली की लाखो संकेतस्थळे एकाच वेळी धोक्यात येतात.

२०१७ मधील घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत पासवर्डशिवाय कोणत्याही पानावरील मजकूर बदलता येईल, अशी त्रुटी होती. ती दूर करणारी ४.७.२ ही आवृत्ती २६ जानेवारी रोजी प्रसिद्ध झाली. त्रुटीची वाच्यता मात्र मुद्दाम सुमारे एक आठवडा लांबविण्यात आली, जेणेकरून संकेतस्थळांना अद्ययावत होण्यास वेळ मिळावा. १ फेब्रुवारीस ती जाहीर होताच काही दिवसांत लाखो पानांवरील मजकूर बदलला गेला. ज्यांनी स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू ठेवले होते, त्यांना या हल्ल्याची झळ पोहोचली नाही. उपाय उपलब्ध होता, मोफत होता आणि वेळेवर मिळाला होता. नुकसान झाले ते तो न वापरणाऱ्यांचे.

शिरकावाच्या वाटा

१. जुनी सॉफ्टवेअर : मूळ प्रणाली, तिची मांडणी ठरविणारी थीम आणि नोंदणी अर्ज, छायाचित्रदालन यांसारख्या सोयी देणारे प्लगइन अशी संकेतस्थळाची तीन अंगे असतात. यांपैकी प्लगइन हे हल्ल्याचे सर्वाधिक वापरले जाणारे दार आहे. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर या प्लगइनमध्ये गंभीर त्रुटी आढळली. सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते बसविलेले होते. त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोर लॉगिन न करता आपली घातक फाइल सर्व्हरवर चढवीत होते. सुधारित ६.९ ही आवृत्ती येण्यापूर्वीच हल्ले सुरू झालेले होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणजेच केवळ अद्ययावत राहणे पुरेसे नाही. जे प्लगइन लागत नाही ते मुळात ठेवूच नये.

२. चोरट्या प्रती : सशुल्क थीम किंवा प्लगइन फुकटात देणाऱ्या संकेतस्थळांवरून घेतलेल्या प्रतींत घातक सॉफ्टवेअर आधीच मिसळलेले असू शकते. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचे घातक सॉफ्टवेअर याच मार्गाने जगभर पसरले. ते एका संकेतस्थळात शिरले की त्याच होस्टिंग खात्यातील इतर संकेतस्थळांनाही बाधा करते. प्रमाणित नसलेले बियाणे स्वस्त मिळाले तरी त्याबरोबर तण व रोगही शेतात येतात. येथेही तोच अनुभव येतो.

३. कमकुवत पासवर्ड : ‘ॲडमिन’ हे वापरकर्तानाव आणि केंद्राचे नाव व त्यापुढे १२३ असा पासवर्ड ओळखण्यास स्वयंचलित कार्यक्रमाला काही क्षण पुरतात. एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्याची सवय अधिक घातक आहे. अन्यत्र कोठे तो फुटला, की येथील दारही उघडते.

४. कार्यालयातील संगणक : चोरट्या प्रतीची विंडोज, कोणाचाही पेन ड्राइव्ह आणि ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर सर्व्हर कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही. संगणकातील घातक सॉफ्टवेअर साठविलेले पासवर्ड गोळा करून परस्पर पाठविते.

५. विसरलेल्या प्रती : नवे संकेतस्थळ बनविताना चाचणीसाठी केलेली जुनी प्रत त्याच सर्व्हरवर तशीच राहते. ती कोणी अद्ययावत करीत नाही. मुख्य दाराला कुलूप असून परसदार उघडे राहावे, तसे हे होते.

६. मुदत संपलेले डोमेन : संकेतस्थळाचे नाव म्हणजे डोमेन ठराविक मुदतीसाठी घेतलेले असते. नूतनीकरण चुकले तर दुसरा कोणीही ते विकत घेऊ शकतो. जुन्या घडीपत्रिकांवर, फलकांवर आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये तोच पत्ता असल्याने लोक थेट त्या परक्या पानावर पोहोचतात. यात कोणतीही फोडाफोडी होत नसल्याने ते परत मिळविणे अधिकच अवघड जाते.

प्रतिबंधक उपाय

एकात्मिक कीड व्यवस्थापनात प्रतिबंध, सर्वेक्षण आणि गरजेनुसार उपचार असा क्रम असतो. संकेतस्थळाच्या सुरक्षेतही हाच क्रम उपयोगी ठरतो. पुढील उपाय महत्त्वाच्या क्रमाने दिले आहेत.

जबाबदार व्यक्ती नेमणे : प्रत्येक संस्थेने एक मुख्य आणि एक पर्यायी अशा दोन व्यक्तींवर लेखी जबाबदारी सोपवावी. डोमेन आणि होस्टिंगची नोंदणी संस्थेच्या नावाने व संस्थेच्या कायमस्वरूपी ई-मेल पत्त्यावर असावी. ठेकेदाराच्या किंवा प्रकल्प सहायकाच्या वैयक्तिक पत्त्यावर असू नये. कर्मचारी बदलून गेल्यास किल्ल्यांप्रमाणेच पासवर्डचेही हस्तांतरण व्हावे, त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे आणि सामायिक पासवर्ड बदलावेत.

अद्ययावतीकरण : वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून लहान सुरक्षा सुधारणा आपोआप बसविण्याची सोय आहे, ती बंद करू नये. प्लगइन व थीमसाठीही स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू करता येते. ज्या प्लगइनला दीर्घकाळ सुधारणा आलेली नाही, ते बदलून दुसरे घ्यावे. वापरात नसलेले प्लगइन केवळ निष्क्रिय करून थांबू नये, कारण त्याच्या फाइल सर्व्हरवर राहतात. ते पूर्णपणे काढून टाकावे. सर्व्हरवरील पीएचपी या भाषेची आवृत्ती चालू आधाराची असल्याची खात्री होस्टिंग सेवादात्याकडून करून घ्यावी.

पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी : पासवर्ड लांब व प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा पासवर्ड लक्षात राहतो आणि सहज ओळखता येत नाही. पासवर्डनंतर मोबाइलवरील ॲपमधून मिळणारा तात्पुरता सांकेतिक क्रमांक मागणारी दुहेरी पडताळणी प्रशासकाच्या प्रत्येक खात्यास सक्तीची करावी. होस्टिंग, डोमेन आणि संस्थेचा ई-मेल यांनाही ती लावावी. ई-मेल हाती लागला की बाकीचे पासवर्ड बदलून घेणे हल्लेखोरास सोपे जाते. सलग चुकीचे पासवर्ड दिल्यास लॉगिन काही काळ बंद करणारी सोय बसवावी.

अधिकारांची वाटणी : वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, सहयोगी अशा भूमिका असतात. पीक सल्ला लिहिणाऱ्या विषयतज्ज्ञास लेखकाची भूमिका पुरते. त्यास प्रशासकाचे अधिकार देण्याचे कारण नाही. प्रशासक खाती दोनपेक्षा अधिक नसावीत. असे केल्यास एखाद्याचा पासवर्ड फुटला तरी नुकसान मर्यादित राहते.

सर्व्हरवरील बंधने : छायाचित्रे व पीडीएफ साठविणाऱ्या अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाइल चालणार नाही, अशी व्यवस्था होस्टिंग सेवादात्याकडून करून घ्यावी. घातक फाइल चढविली गेली तरी ती कार्यान्वित होत नाही. प्रशासन पानातून थीम व प्लगइनच्या फाइल बदलण्याची सोय बंद ठेवावी. संशयास्पद विनंत्या दारातच अडविणारी अग्निभिंत म्हणजे फायरवॉलही वापरावी. तिच्या प्राथमिक सेवा मोफत मिळतात.

एचटीटीपीएस जोडणी : या जोडणीमुळे शेतकरी आणि सर्व्हर यांच्यातील माहिती वाटेत वाचता किंवा बदलता येत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून मोफत मिळते. मात्र ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह संकेतस्थळ स्वच्छ असल्याची हमी देत नाही. वाहतूक सुरक्षित असली तरी गोदामातील माल खराब असू शकतो, हा फरक ध्यानात घ्यावा.

कमीत कमी माहिती घेणे : जी माहिती साठविलीच नाही, ती चोरीस जात नाही. प्रशिक्षणाच्या नोंदणीसाठी नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक पुरतो. आधारची प्रत अनिवार्य असेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारा मास्क्ड आधार स्वीकारावा. लाभार्थ्यांच्या याद्या बँक खाते क्रमांकांसह पीडीएफ स्वरूपात खुल्या ठेवू नयेत. त्या शोधयंत्रातून कोणासही सापडू शकतात. प्रयोजन संपलेली माहिती सर्व्हरवरून काढावी.

सर्वेक्षण : बाधा ओळखावी कशी?

घातक सॉफ्टवेअर स्वतःस लपविण्यात वाकबगार असते. बऱ्याचदा ते लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्यास नेहमीचे पान दाखविते आणि शोधयंत्रातून मोबाइलवर आलेल्या शेतकऱ्यास मात्र भलत्या पानावर पाठविते. त्यामुळे “आमच्याकडे तर व्यवस्थित दिसते” हे उत्तर देऊन शेतकऱ्याची तक्रार निकालात काढू नये. कार्यालयाचे वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या इंटरनेटवर, लॉगिन न करता आणि गूगलवर संस्थेचे नाव शोधून संकेतस्थळ उघडावे. हीच खरी तपासणी होय.

दुसरी साधी चाचणी शोधयंत्राची आहे. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास त्या संकेतस्थळाची नोंदलेली पाने दिसतात. त्यांत जुगार, औषधे, कर्ज किंवा जपानी लिपीतील मजकूर आढळल्यास बाधा झाल्याचे समजावे. जपानी मजकुराची पाने घुसविणे हा हल्ल्याचा एक ठरलेला प्रकार आहे.

याखेरीज अनोळखी प्रशासक खाते, अपलोड फोल्डरमधील पीएचपी फाइल, कोणी हात न लावताही बदललेल्या फाइल, अचानक मंदावलेला वेग, सर्व्हरवरून परस्पर जाणारे ई-मेल आणि होस्टिंग सेवादात्याची सूचना ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. गूगल सर्च कन्सोल ही मोफत सेवा संकेतस्थळाशी जोडून ठेवल्यास सुरक्षेतील बिघाडाची सूचना ई-मेलने मिळते.

मजकुरातील फेरफार मात्र कोणतेही साधन खात्रीने ओळखू शकत नाही. त्यासाठी मात्रा, फवारणीचे अंतर, बँक खाते आणि संपर्क क्रमांक असलेल्या पानांची स्वतंत्र यादी करावी. तज्ज्ञाने तपासलेली दिनांकित मूळ प्रत कार्यालयात ठेवावी आणि आठवड्यातून एकदा त्या पानांशी ताडून पाहावी.

बॅकअप : राखून ठेवलेले बियाणे

पीक गेले तरी बियाणे शिल्लक असेल तर पुन्हा पेरणी करता येते. संकेतस्थळाच्या बाबतीत ते स्थान बॅकअपचे आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा सर्वमान्य नियम आहे. फाइल आणि मजकूर साठविणारा डेटाबेस अशा दोहोंचा बॅकअप घ्यावा. केवळ फाइल घेतल्यास लेख परत मिळत नाहीत.

येथे दोन चुका वारंवार होतात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला जातो आणि हल्ल्यात मूळ प्रतीबरोबर तोही जातो. दुसरी चूक म्हणजे केवळ शेवटची एकच प्रत राखणे. बाधा कित्येक आठवडे लक्षात येत नाही. तोवर त्या प्रतीतही घातक फाइल गेलेली असते. म्हणून साप्ताहिक प्रती निदान दोन-तीन महिने जपाव्यात. वर्षातून किमान दोनदा बॅकअपमधून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहावे. उगवणशक्ती न तपासलेल्या बियाण्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते, तसेच न तपासलेल्या बॅकअपचेही आहे.

बाधा झाल्यास करावयाची कार्यवाही

घाईने सर्व फाइल पुसून टाकणे ही पहिली प्रतिक्रिया असते; ती टाळावी. पुरावा नष्ट झाल्यास शिरकाव कोठून झाला हे कळत नाही आणि काही दिवसांत पुन्हा बाधा होते. पुढील क्रम पाळावा.

१. संकेतस्थळ तात्पुरते बंद करून ‘देखभालीसाठी बंद’ असे पान लावावे. त्यावर केंद्राचा दूरध्वनी क्रमांक द्यावा.

२. आहे त्या स्थितीतील फाइल, डेटाबेस आणि सर्व्हरवरील नोंदींची प्रत तपासासाठी वेगळी ठेवावी.

३. घातक सॉफ्टवेअर नसल्याची खात्री असलेल्या संगणकावरून होस्टिंग, डेटाबेस, ई-मेल आणि सर्व प्रशासक खात्यांचे पासवर्ड बदलावेत. वर्डप्रेसच्या सुरक्षा कळा बदलल्यास आधीपासून आत असलेले सर्व वापरकर्ते बाहेर फेकले जातात.

४. मूळ प्रणाली आणि प्लगइन अधिकृत स्रोतावरून नव्याने बसवावेत. बाधेपूर्वीचा बॅकअप वापरल्यास तो सुरू करण्यापूर्वी अद्ययावत करावा. अन्यथा तीच त्रुटी पुन्हा उघडी राहते. अनोळखी खाती आणि वेळ लावून ठेवलेली संशयास्पद कामेही तपासावीत.

५. स्वच्छतेनंतर सर्च कन्सोलमधून फेरतपासणीची विनंती करावी, म्हणजे लाल इशारा हटतो.

६. चुकीचा सल्ला किंवा चुकीचे बँक खाते काही काळ जरी दिसले असेल, तरी शेतकऱ्यांना संदेश, गट किंवा आकाशवाणीद्वारे तातडीने कळवावे. प्रतिष्ठेच्या भीतीने हे लपविल्यास नुकसान शेतकऱ्याचे होते आणि पुढे संस्थेचा विश्वासही जातो.

कायदेशीर जबाबदारी

सर्ट-इन ही संगणकीय सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र शासनाची यंत्रणा आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था आणि कंपन्यांनी संकेतस्थळात घुसखोरी, विद्रूपीकरण किंवा माहितीची गळती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. सर्व्हरवरील नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी याची विशेष दखल घ्यावी. सर्ट-इनचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४९४९ आहे. सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्राकडून संगणकातील घातक सॉफ्टवेअर काढणारी साधने मोफत मिळतात. शासकीय सर्व्हरवर संकेतस्थळ ठेवण्यापूर्वी सर्ट-इनच्या सूचीतील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. खासगी होस्टिंगवरील संस्थांनीही ती करून घेणे हिताचे आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये लोकांची माहिती बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षा उपाय योजावेत अशी तरतूद असून त्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक फसवणूक झाली असल्यास शेतकऱ्याने विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम वाटेतच गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

राखणीचे वेळापत्रक

दर आठवड्यास : अद्ययावतीकरण तपासणे, बॅकअप झाल्याची खात्री, मात्रा व खाते क्रमांक असलेल्या पानांची पडताळणी, मोबाइलवरून एक फेरी.

दर महिन्यास : वापरकर्त्यांची यादी, अनावश्यक प्लगइन काढणे, शोधयंत्राची चाचणी.

दर सहा महिन्यांस : बॅकअपमधून उभारणीची चाचणी, जुन्या प्रती व जुनी वैयक्तिक माहिती काढणे. खरीप आणि रब्बी हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे आणि सप्टेंबरमध्ये, हे काम उरकावे.

दर वर्षी : डोमेन व होस्टिंगचे मुदतीपूर्वी नूतनीकरण, सुरक्षा तपासणी, जबाबदार व्यक्तींच्या नेमणुकीचा आढावा.

शेतकऱ्यांना द्यावयाचा संदेश

विस्तार कार्यकर्त्यांनी मेळाव्यात आणि प्रशिक्षणात तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कोणत्याही संकेतस्थळावरील मात्रा फवारणीपूर्वी डब्यावरील लेबलशी ताडून पाहावी. तफावत आढळल्यास फवारणी थांबवून केंद्राशी किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरशी संपर्क साधावा. पैसे पाठविण्यापूर्वी खाते क्रमांकाची खात्री संस्थेच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून घ्यावी, त्याच पानावर दिलेल्या क्रमांकावर नव्हे. मोबाइल ॲप अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. एपीके फाइल कोठूनही आली तरी उघडू नये. एखादे पान वेगळेच वाटल्यास शेतकऱ्याने केंद्राला कळवावे, असेही सांगावे. बाधेची पहिली खबर पुष्कळदा वाचकाकडूनच मिळते.

समारोप

संकेतस्थळाच्या सुरक्षेसाठी लागणारी बहुतेक साधने मोफत आहेत आणि आठवड्यातील तासाभराचा वेळ त्यास पुरतो. उणीव असते ती त्या तासाची जबाबदारी निश्चित करण्याची. ज्या संस्थेला हे मनुष्यबळ देणे शक्य नाही, तिने स्वतंत्र संकेतस्थळ न चालविता विद्यापीठाच्या किंवा मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर आपले पान ठेवावे. बेवारस संकेतस्थळापेक्षा ते निश्चितच श्रेयस्कर आहे. शेतकरी संस्थेच्या नावावर विसंबून औषध फवारतो, बियाणे मागवितो आणि पैसे पाठवितो. त्या नावाखाली दिसणारा प्रत्येक आकडा खरा राहील याची काळजी घेणे, हा विस्तारकार्याचाच भाग होय.